दोष कोणाचा, आणि किती?

फाल्गुन सरूं लागला म्हणजे आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलांस वणवे लागूं लागतात, आणि वणव्याबरोबर एक जुना वादही दरवर्षीं पेटतो. "रान कोणीं जाळलें?" असें विचारलें कीं शहरांतला मनुष्य मोहफुलें वेंचणाऱ्या गरिबाकडे बोट दाखवितो, मोहफुलें वेंचणारा तेंदूच्या ठेकेदाराकडे दाखवितो, ठेकेदार वनखात्याकडे, आणि शेवटीं सर्वजण मिळून कारखान्यांच्या उंच धुराड्यांकडे बोट दाखवून मोकळे होतात. उलट पर्यावरणदिनाचीं भाषणें ऐकावीं तर एक झाड लावा, एक दिवा विझवा, प्लॅस्टिकची पिशवी टाकूं नका, एवढाच उपदेश पुन्हां पुन्हां कानीं येतो. जणूं काय धुराडीं कोठें नाहींतच! दोन्ही बाजूंचें म्हणणें थोडें थोडें खरें आहे. परंतु अर्धें सत्य हें ज्याच्या त्याच्या सोयीचें असतें. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करणें अवश्य आहे.

हा विचार शाळेच्या वार्षिकांत करण्यास आणखीही एक कारण आहे. एकाच बांकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाच्या घरची भाकर कोळशाच्या खाणींतून अथवा वीजकेंद्रांतून येत असेल, आणि दुसऱ्याच्या घरचें मीठ-मिरची व वह्या-पुस्तकें तेंदूच्या पुड्यांवर व मोहाच्या फुलांवर चालत असतील. तेव्हां "कंपन्यांनीं सत्यानाश केला", किंवा "रानांतल्या लोकांनींच रान जाळलें", असें जो सहज बोलून जातो, तो शेजारच्या मित्राच्या घरावर दगड टाकीत असतो. दोष देणें हें एक प्रकारें न्यायाधीशाचें काम आहे. आणि तें करूं पाहणारानें प्रथम तराजू सरळ धरावयास शिकलें पाहिजे.

प्रथम लहान माणसाचा दोष पाहूं. मोहाचीं फुलें पहांटे गळतात आणि वाळलेल्या पाल्यांत दिसेनाशीं होतात. म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा स्वच्छ करण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. तेंदूच्या झुडपांस कोवळी पालवी जोमानें फुटावी म्हणूनही आग लाविली जाते. लावणाऱ्याच्या मनांत जंगल जाळण्याचा हेतु नसतो. परंतु चैत्रांतला वारा कोणाचा हेतु विचारीत नाहीं. टोपलीभर फुलांसाठीं लाविलेली आग रात्रींतून टेकडी ओलांडते, आणि जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं, सागाचीं रोपें, बांबूचे कोंब, फार काय उद्यांचा मोहसुद्धां भस्म करून जाते. राखीव जंगलांत आग लावणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. उपाय तर अगदीं साधा आहे. झाडाखालचा पाला खराट्यानें झाडून काढावा, किंवा जुनें लुगडें अथवा जाळी अंथरावी. गरिबीमुळें मनुष्याचे अनेक मार्ग बंद होतात हें खरें. पण जो मार्ग उघडा आहे त्यानें न जाणें हा दोषच होय, आणि तो मोकळ्या मनानें मान्य केला पाहिजे.

तथापि आपण येथेंच थांबलों तर चोर सोडून संन्याशास सुळीं दिल्यासारखें होईल. ह्याचें एक बोधप्रद उदाहरण शेजारच्या कर्नाटकांत घडलें आहे. तें बांबूचें आहे, म्हणून आपणांस जवळचें वाटेल. कारण आपल्या बल्लारपूरचा कागदाचा कारखानाही, ज्याची कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली, रानांतल्या बांबूवरच वाढला. कर्नाटकांत दांडेलीच्या कागद-कारखान्यास पुरवठा करणाऱ्या जंगलांतील बांबू झपाट्यानें कमी होऊं लागला. गांवकऱ्यांचीं गुरें कोंब खातात म्हणून बांबू संपला, असें अधिकारी व कारखानदार सांगत असत. १९७५ च्या सुमारास माधव गाडगीळ ह्या शास्त्रज्ञांनीं स्वतः रानांत फिरून शोध केला. तेव्हां असें दिसून आलें कीं बांबूच्या बेटाच्या बुडाशीं कांटेरी फांद्यांचें जें दाट कुंपण निसर्गानेंच घातलेलें असतें, तें कापणी सोपी व्हावी म्हणून साफ करण्यांत येत होतें. कुंपण गेल्यावर कोवळे कोंब जनावरांस आयतेच सांपडत. म्हणजे गुरें कोंब खात होतीं हें खोटें नव्हतें. पण त्यांस दार उघडून देणारा हात निराळाच होता! गांवच्या लोकांस हें कारण आधींपासून ठाऊक होतें; त्यांस कोणीं विचारलें नव्हतें इतकेंच. शिवाय कारखान्यास हा बांबू सरकारकडून नांवाला असलेल्या दरानें मिळत असे, आणि टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडास मात्र बाजारभाव मोजावा लागे. फुकटासारखी मिळालेली वस्तु कोणी जपून वापरीत नाहीं, हें तुम्हांस घरींही दिसून येईल.

आतां विजेचें उदाहरण घेऊं, आणि वर्गांतल्याप्रमाणें गणितच मांडूं. दगडी कोळशापासून एक युनिट वीज करावयास सुमारें ७०० ग्रॅम कोळसा लागतो असें धरा. दहा वॉटचा एक दिवा रोज सहा तास निष्कारण जळत राहिला, तर तीस दिवसांत १.८ युनिट वीज, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास कोळसा व्यर्थ गेला. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची शक्ति २,९२० मेगावॉट आहे. तें पूर्ण शक्तीनें एक तास चाललें तर २९ लक्ष २० हजार युनिट वीज होईल, आणि त्यास दोन हजार टनांहून अधिक कोळसा लागेल. आपल्या इकडच्या कोळशांत शेंकडा ३५ राख धरली, तर त्या एका तासाची राखच सातशें टनांवर जाते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर सोळा लक्ष घरांनीं आपला एक एक दिवा महिनाभर विझविला, म्हणजे ह्या केंद्राच्या एका तासाची भरपाई होते.

ह्यावरून दिवा विझवूं नये असें कोणी समजूं नये. थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरेंच आहे. परंतु राख धुराड्यांत किती अडवावयाची, अडविलेली राख कोठें टाकावयाची, गंधकाचा धूर धुऊन काढणारें यंत्र केव्हां बसवावयाचें, ह्यांतली एकही गोष्ट आपल्या घरच्या बटणावर अवलंबून नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक भागांची तपासणी केली, तेव्हां ८३.८८ गुणांनीं चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. परीक्षेंत असा क्रमांक यावा म्हणून तुम्ही धडपडतां. ह्या परीक्षेंत मात्र तो येऊं नये म्हणून धडपडावयाचें असतें! पुढें डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें वीजकेंद्रांच्या धुरांतील गंधकाविषयीं नवे नियम केले, व ते अमलांत आणण्यास दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत एकामागून एक पुढें ढकलली गेली, आणि २०२५ सालीं तर देशांतील बहुतेक केंद्रांस त्या यंत्रापासून सूट देण्यांत आली. ह्या निर्णयाचें बरेंवाईट कसेंही ठरो. पण त्याची जबाबदारी दिवा विझवावयास विसरलेल्या गृहिणीवर टाकतां येत नाहीं, एवढें तरी स्पष्ट आहे.

मोठ्यांचा भार लहानांच्या माथीं सरकविण्याची ही कला आपल्याच देशांत आहे असें नव्हे. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे प्रत्येक मनुष्याच्या राहणीमुळें हवेंत जाणाऱ्या दूषित वायूचें माप, हा शब्द आज शाळेच्या पुस्तकांतही आढळतो. तो घरोघर पोंचविण्यांत ब्रिटिश पेट्रोलियम ह्या प्रचंड तेल-कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००४ च्या सुमारास तिनें लोकांस आपापलें माप काढण्याचें साधनच पुरविलें. माप खोटें नव्हतें. पण तेल विकणारानें तेल जाळणारास, "तुझा दोष किती तें मोज", असें सांगावें, ह्यांतली चतुराई ओळखतां आली पाहिजे.

मात्र ह्याच्या उलट टोंकास जाणेंही बरोबर नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अहवालांत असें म्हटलें आहे कीं १९८८ पासून जगांतील उद्योगांनीं हवेंत सोडलेल्या तापकारक वायूंपैकीं शेंकडा ७१ वायूंचा संबंध केवळ शंभर उत्पादकांशीं पोंचतो. हा आंकडा ऐकून पुष्कळजण म्हणतात, "झालें तर! दोष त्या शंभरांचा, आपण निर्दोष." पण त्या हिशेबांत कंपन्यांनीं विकलेला कोळसा व तेल दुसऱ्यांनीं जाळल्यामुळें झालेला धूरही धरला आहे. तो जाळणारांत तुम्ही आम्ही आहोंत. शिवाय त्या यादींत आपली कोल इंडियाही आहे, जिच्या वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या उपकंपनीच्या खाणी आपल्याच जिल्ह्यांत चालतात. कोल इंडियाचा मोठा वांटा भारत सरकारचा आहे, आणि आपल्या वीजकेंद्राची मालक महानिर्मिती ही राज्य सरकारची कंपनी आहे. म्हणजे ह्या कंपन्यांचा धनी कोणी परका सावकार नाहीं. मत देणारा प्रत्येक नागरिक दूरान्वयानें त्यांचा धनी आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ शोधणारानें आपल्या डोळ्यांतलें मुसळही पाहावें, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. येथें तर मुसळ समाईक आहे!

मग दोष वांटावा कसा? माझ्या मतें तराजूंत तीन वजनें घालावीं. पहिलें वजन ज्ञानाचें: हानि होत आहे हें कोणास ठाऊक होतें? दुसरें सामर्थ्याचें: ती थांबविणें कोणाच्या हातीं होतें? आणि तिसरें लाभाचें: तिच्यापासून फायदा कोणास झाला? पाला पेटविणाऱ्या बाईचें ज्ञान बरेंच, सामर्थ्य थोडें, व लाभ टोपलीभर असतो. ज्या मोठ्या संस्थेपाशीं शास्त्रज्ञ आहेत, यंत्रें आहेत, आणि ताळेबंदांत नफाही आहे, तिच्या पारड्यांत तिन्हीं वजनें जड पडतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही अशाच प्रकारचें तत्त्व सांगितलें आहे. १९८५ सालीं दिल्लींतील एका कारखान्यांतून विषारी वायु सुटला. त्या खटल्यांत १९८६ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं धोक्याचा धंदा करणारानें, आपली काळजी घेण्यांत कसूर झाली नाहीं असें सांगून सुटूं नये. आणि संस्था जितकी मोठी व संपन्न, तितकी तिनें द्यावयाची भरपाईही मोठी असावी.

येथें कोणी विचारील कीं कंपनी म्हणजे तरी कोण? तिला ना हात ना पाय. तुरुंगांत बसवावें तर कोणास? ह्याचाही विचार आपल्या कायदे करणारांनीं केला होता. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा व १९८६ चा पर्यावरण-संरक्षणाचा कायदा करितांना त्यांनीं असें कलम घातलें कीं कंपनीकडून अपराध घडला तर त्या वेळीं तिचा कारभार ज्याच्या हातीं होता तो मनुष्यही अपराधी समजला जावा. मात्र तो आपल्याला नकळत घडला, अथवा टाळण्याची आपण सर्व खटपट केली, असें त्यानें सिद्ध केल्यास सुटका व्हावी. ह्या कलमामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. कंपनी हें भूत नव्हे. ती खुर्च्यांची बनलेली आहे, आणि प्रत्येक खुर्चीवर एक मनुष्य बसलेला असतो.

म्हणून खाणींत किंवा कारखान्यांत काम करणाऱ्या पालकांस मला नम्रपणें सांगावयाचें आहे कीं हा लेख आपल्या भाकरीविरुद्ध नाहीं. खाणींतला डंपर चालविणारा किंवा भट्टींत कोळसा लोटणारा मजूर नदीचा मारेकरी नव्हे; त्याच्या घरच्या मुलानेंही ती धूळ श्वासांत घेतलेलीच असते. परंतु जसजशी खुर्ची उंच होत जाते, तसतशीं तीं तिन्हीं वजनें वाढत जातात. आणि विद्यार्थ्यांनो, ह्या खुर्च्यांवर उद्यां तुम्हीच बसणार आहां. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरांतून लोखंडाची माती निघूं लागली आहे. तिच्या पाठोपाठ गडचिरोली जिल्ह्यांत नवे धंदे येत आहेत. त्यांस इंजिनियर लागतील, रसायनशास्त्रज्ञ लागतील, हिशेबनीस लागतील. नाल्याच्या पाण्याचा नमुना तपासून त्याचा खरा आंकडा वहींत लिहावयाचा कीं वरिष्ठांस आवडेल तो लिहावयाचा, हा प्रश्न तुमच्यापैकीं कोणा एकापुढें नक्की येईल. त्या दिवशीं 'मी एकटा काय करणार?' हें उत्तर चालणार नाहीं. कारण त्या दिवशीं त्या वहीपुरती कंपनी म्हणजे तुम्हीच असाल.

पण ज्याच्यापाशीं खुर्ची नाहीं, त्या सामान्य मनुष्यानें काय करावें? एकट्यानें पिशव्या टाळाव्या आणि बाकीचें दैवावर सोडावें काय? ह्याचें उत्तर धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवानें दिलें आहे. त्या गांवच्या लोकांनीं प्रथम स्वतःस नियम घालून घेतले. जंगल सांभाळावयाचें, त्यास आग लागूं द्यावयाची नाहीं, आणि गांवचा प्रत्येक निर्णय सर्वांच्या संमतीनें घ्यावयाचा, असें ठरविलें. अभ्यासगट करून कायदे वाचले. अशा रीतीनें घर स्वच्छ केल्यावर त्यांनीं आपल्या रानांतील कागद-कारखान्याच्या बांबूतोडीस विरोध केला. तेव्हां 'तुम्हीच रान जाळतां' असें त्यांस म्हणण्याची सोय कोणास राहिली नाहीं! २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचे परवाने हातीं येईनात. शेवटीं एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनीं स्वतः गांवीं येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें, आणि गांव आपला बांबू आपण विकूं लागलें. व्यक्तीचा दोष आणि कंपनीचा दोष, असे दोन स्वतंत्र धडे मेंढ्याच्या लोकांनीं केले नाहींत. पहिला धडा नीट गिरविल्यामुळेंच दुसरा विचारण्याचें बळ त्यांच्या अंगीं आलें.

हें बळ मिळविण्याचा एक मार्ग शाळेंतील मुलांसही मोकळा आहे, आणि तो सांगून मी हा लेख पुरा करितों. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें मोठी खाण किंवा मोठा कारखाना निघण्यापूर्वीं बहुधा जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान तीस दिवस आधीं द्यावी लागते, आणि प्रकल्पापासून होणाऱ्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेंत, म्हणजे आपल्या येथें मराठींत, लोकांसाठीं ठेवावा लागतो. पुष्कळ ठिकाणीं तो कोणी वाचीत नाहीं. आजोबांस अक्षरओळख नसते, वडिलांस वेळ नसतो, आणि सुनावणीच्या दिवशीं मंडपांत भाषणें तेवढीं होतात. विद्यार्थ्यांनो, तुम्हांस मराठी वाचतां येतें. तुमच्या गांवाजवळ असा प्रसंग आला तर तो सारांश मागून आणा, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतल्या माणसांस मोठ्यानें वाचून दाखवा. पाणी कोठून घेणार, राख कोठें टाकणार, झाडें किती तोडणार, हे तीन आंकडे शोधून त्यांच्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढा. पालकांनो, सुनावणीस जातांना तो कागद बरोबर न्या, आणि त्या तीन आंकड्यांविषयीं विचारा. आणि मोहाच्या दिवसांत घरीं कोणी पाला पेटवूं लागलें तर, बाळांनो, त्यांच्या हातांतली काडी घ्या व खराटा द्या. हीं दोन्हीं कामें एकाच घरांत होऊं लागलीं, म्हणजे दोष कोणाचा हा वाद आपल्या जिल्ह्यांत आपोआप कमी होईल, आणि दोष दूर कसा करावा ह्याची चर्चा सुरू होईल.